सेकंडहँड गाडीतला वास : गैरसमज आणि वस्तुस्थिती

महाड-पोलादपूर भागात जुनी गाडी घेणारा माणूस इंजिनाचा आवाज ऐकतो, टायर बघतो, किलोमीटर विचारतो. दार उघडल्या उघडल्या नाकात शिरणाऱ्या वासाकडे मात्र ‘धुऊन घेऊ, जाईल’ म्हणून काणाडोळा होतो. पावसाळ्यात तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस घेणाऱ्या आणि सावित्री-गांधारी नद्यांचे पूर पाहिलेल्या या पट्ट्यात तो वास बरंच काही सांगत असतो. त्यामुळे तो घालवण्याआधी तो कशाचा आहे, हे कळायला हवं.

गैरसमज : चांगला परफ्यूम लावला की वास जातो.

वस्तुस्थिती : वास जात नाही, त्याच्यावर दुसरा वास चढतो. कुबट वास येतो तो बुरशी आणि जिवाणूंनी हवेत सोडलेल्या रसायनांमुळे. ओल आहे तोवर ती तयार होतच राहतात. परफ्यूमचा जोर ओसरला की मूळ वास पुन्हा वर येतो. कॉफी पावडरची पुरचुंडी ठेवण्याचा फायदाही एवढाच. विकायला आणलेल्या गाडीत दोन-दोन परफ्यूम लटकत असतील, तर ते काढून गाडी रात्रभर काचा लावून ठेवायला सांगा आणि सकाळी पहिलं दार तुम्ही उघडा.

गैरसमज : कोकणातली गाडी म्हटल्यावर कुबट वास असायचाच.

वस्तुस्थिती : पावसाळ्यात पायपुसण्या दमट होतात, हे खरं. पण मॅट काढून वाळवल्यावरही वास राहत असेल, तर पाणी कार्पेटच्या खाली गेलेलं आहे. कार्पेटखाली जाड फोम किंवा नमदा असतो. वरून हात लावला तर कोरडं लागतं, खाली मात्र फोम पाणी धरून बसलेला असतो. काचेखालच्या जाळीत आंब्या-फणसाचा पाला अडकून पाण्याची वाट बुजणं, दाराचं बीडिंग फाटणं, दाराच्या तळाची भोकं चिखलाने बंद होणं ही त्याची नेहमीची कारणं. ती दुरुस्त होतात.

पुरात बुडालेल्या गाडीची गोष्ट वेगळी. जुलै २०२१ मध्ये सावित्रीच्या उगमाकडे, महाबळेश्वरला, २४ तासांत सुमारे ५९४ मिलिमीटर पाऊस पडला आणि महाड शहर पाण्याखाली गेलं. दारात उभ्या असलेल्या गाड्याही बुडाल्या. अशा गाड्या धुऊन, पॉलिश करून पुढे विकल्या जाऊ शकतात. गाळ मात्र मागे राहतो. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढा : रोज न दिसणाऱ्या टोकाला मातकट रेघ सापडते का बघा. सीट पुढे-मागे सरकवून खालच्या पट्ट्यांवर आणि बोल्टवर गंज आहे का पाहा. डिकीतली स्टेपनी उचलून खोलगट भागात बोट फिरवा, बारीक गाळ बोटाला लागतो.

कागदपत्रंही बोलतात. एम-परिवाहन ॲपवर नोंदणी, विम्याची मुदत, कर्जाचा बोजा कळतो, गाडी पुरात होती का हे कळत नाही. पण एकाच मालकाची पाच-सहा वर्षांची गाडी असून मागच्या पॉलिसीवर ‘नो क्लेम बोनस’ शून्य असेल, तर क्लेम घेतला होता का आणि कशाचा, हे विचारा. क्लेम न घेतलेल्या मालकाला ही सवलत पहिल्या वर्षानंतर २० टक्के मिळते आणि वाढत ५० टक्क्यांपर्यंत जाते.

गैरसमज : काचा उघड्या ठेवल्या की ओल सुकते.

वस्तुस्थिती : मार्च-एप्रिलमध्ये सुकते. जुलैत बाहेरची हवाच ओलीकिच्च असते, ती गाडीतली ओल काय सुकवणार? पावसाळ्यात एसी आणि हीटर एकत्र लावून आतली हवा आतच फिरवा. एसी हवेतलं पाणी ओढतो, गाडीखाली ठिबकतं ते तेच. फोम भिजला असेल तर मात्र सीट खोलून कार्पेट उचलण्याला पर्याय नाही. फोम बाहेर काढून पंख्याखाली वाळवायचा, आतून हाताला थंडगार लागेनासा होईपर्यंत. भिजलेल्या कापडावर एक-दोन दिवसांत बुरशी धरू शकते, त्यामुळे घाई इथेच करायची.

गैरसमज : एसी लावल्यावर वास येतो म्हणजे गॅस संपला.

वस्तुस्थिती : गॅस संपला की गारवा जातो, वास येत नाही. आंबूस वास येतो तो डॅशबोर्डमागच्या कूलिंग कॉइलवर साचलेल्या ओल-धुळीचा. आधी ग्लोव्ह बॉक्समागचा केबिन फिल्टर काढून बघा. त्यात पाला, कधी उंदराने ओढून आणलेला कापूसही निघतो. फिल्टर बदला, कॉइल साफ करून घ्या, पाणी जाणारी नळी मोकळी करा. पोचण्याआधी पाचेक मिनिटं एसी बंद करून नुसता ब्लोअर चालू ठेवलात, तर कॉइल सुकते आणि वास पुन्हा लवकर धरत नाही.

गैरसमज : खाण्याचा सोडा सगळ्या वासांवर चालतो.

वस्तुस्थिती : सोडा अल्कधर्मी आहे. नासलेलं दूध, घाटातल्या वळणांवर झालेली उलटी अशा आंबट वासांवर तो उपयोगी. पण आधी डाग धुऊन सुकवायचा, मग सोडा भुरभुरून रात्रभर ठेवायचा आणि सकाळी व्हॅक्यूमने ओढून घ्यायचा. सुकट-बोंबलाच्या वासावर त्याचा फारसा उपयोग नाही, कारण मासळीचा वास देणारी अमाईन रसायनंही अल्कधर्मीच असतात. तिथे आम्ल लागतं. मासे साफ केल्यावर हाताला लिंबू चोळतात, ते याचसाठी. पाणी घातलेलं पांढरं व्हिनेगर फडक्याने लावा आणि पुसून कोरडं करा. विडी-सिगारेटचा चिकट थर छताच्या कापडात मुरतो. तिथे ओलसर फडकंच वापरा. छत भिजवलं तर गोंद सुटून कापड लोंबतं.

गैरसमज : जालीम औषध मारलं की काम फत्ते.

वस्तुस्थिती : ब्लीचने कापडाचा रंग उडतो, लोखंडाला गंज चढतो. ब्लीच आणि संडास साफ करायचं ॲसिड एकत्र झालं, तर क्लोरीन हा विषारी वायू सुटतो. बंद गाडीत तो जिवावर बेतू शकतो. ओझोन यंत्र धुराच्या वासावर काम करतं, पण ओझोन फुफ्फुसांना घातक आहे. यंत्र चालू असताना गाडीत कोणी नको, नंतर गाडी नीट मोकळी करायची. आणि फोम ओला असेल तर तो खर्चही वाया.

काही वास मात्र घालवायचे नसतात, त्यांच्यासाठी थेट गॅरेज गाठायचं. पेट्रोलचा वास म्हणजे गळती. जळक्या प्लास्टिकचा म्हणजे वायरिंग. गोडसर वास आणि काचेवर चिकट वाफ म्हणजे कूलंट गळतंय. सीएनजीला तर गळती कळावी म्हणूनच मुद्दाम उग्र वास दिलेला असतो. तो आला की गाडी थांबवा, इंजिन बंद करा, सगळ्यांना उतरवा, दारं उघडी ठेवा आणि शक्य असेल तर सिलिंडरचा व्हॉल्व्ह बंद करा.

बाकी वासांसाठी क्रम ठरलेला आहे : उगम शोधा, घाण काढा, सुकवा आणि पाणी पुन्हा येणार नाही असं बघा. सुगंध हवाच असेल तर त्यानंतर. गळक्या बीडिंगची गाडी भाव पाडून घ्यायला हरकत नाही. सीटबेल्टच्या टोकाला गाळ सापडला तर मात्र सौदा तिथेच सोडा. वायरिंगचे जोड आणि एअरबॅगचं युनिट आतून गंजत जातं, आणि ते कुठल्या दिवशी दगा देईल हे विकणाऱ्यालाही सांगता येत नाही.