डाळ शिजते, म्हणून पाणी चांगलं?

आपल्याकडे एखाद्या विहिरीचं किंवा हापशीचं पाणी चांगलं आहे, हे बाया कशावरून ठरवतात? एक, ते नितळ दिसतं का. दोन, गोड लागतं का. आणि तिसरं, सगळ्यात पक्कं समजलं जाणारं, त्यात तुरीची डाळ शिजते का. डाळ शिजली नाही की पाणी जड, पटकन शिजली की पाणी हलकं. ही परीक्षा आपल्या आज्यांनी काढली आणि ती खोटी नाही. पाण्यात चुना जास्त असेल तर डाळ खरंच शिजत नाही, साबणाला फेसही येत नाही.

पण यवतमाळ, चंद्रपूर, नांदेडच्या बऱ्याच गावांत ही परीक्षा आपल्याला फसवते. तिथल्या बोरच्या पाण्यात फ्लोराईड आहे. फ्लोराईड म्हणजे खडकातून पाण्यात उतरणारा एक क्षार. त्याला रंग नाही, वास नाही, चव नाही. आणि गंमत बघा, ज्या पाण्यात चुना कमी असतो, त्यातच फ्लोराईड जास्त विरघळून राहतं. म्हणजे फ्लोराईडवालं पाणी बहुतेकदा हलकंच असतं. डाळ मस्त शिजते, चहा चांगला होतो. म्हणून त्याच हापशीवर गुंडांची रांग लागते.

हे पाणी आलं कुठून? 1972 च्या दुष्काळात विहिरी आटल्या. तेव्हापासून महाराष्ट्रात यंत्रानं खोल बोर घ्यायचा मोठा सपाटा सुरू झाला. जालना आणि सोलापूरकडे तयार झालेले लोखंडी हातपंप तेव्हा नावाजले होते. पुढे देशभर गेलेला इंडिया मार्क टू हा पंप सोलापूरच्या पंपावरूनच सुधारून काढला. त्या बोरनी आपल्याला वाचवलं, हे मी कबूल करते. उघड्या विहिरीच्या गढूळ पाण्यानं हगवण आणि कॉलरा व्हायचा, तो पुष्कळ कमी झाला. पण खोल खडकातलं पाणी वर्षानुवर्षं दगडाला चिकटून बसलेलं असतं. दगडात जे असेल ते पाण्यात येतं. जंतू टळले आणि काही ठिकाणी फ्लोराईड आलं.

किती फ्लोराईड चालतं? सरकारी मानकाप्रमाणे एका लिटरला 1 मिलिग्रॅमपर्यंत, आणि दुसरं पाणीच नसेल तर फार तर 1.5. ही मात्रा केवढी, तर दहा हजार लिटरच्या टँकरमध्ये 15 ग्रॅम. म्हणजे जेमतेम तीन चहाचे चमचे. एवढंसं जिभेला कसं कळणार?

कळतं ते पोरांच्या दातांवर. पक्के दात हिरडीच्या आत साधारण आठ वर्षांपर्यंत तयार होत असतात. त्या वयात असं पाणी पोटात गेलं, की दात येतानाच त्यांवर पांढुरके, मग पिवळे-तपकिरी आडवे पट्टे येतात. डाव्या-उजव्या दोन्ही बाजूंच्या दातांवर सारखेच. किनवटकडं किंवा पांढरकवड्याकडं पाहिलं तर एकाच घरात बाहेरगावाहून आलेल्या सुनेचे दात पांढरे असतात आणि तिच्या लेकीचे डागाळलेले. कारण सुनेचे दात माहेरच्या पाण्यावर तयार झाले. लोक पोरीला म्हणतात, दात घासत नाही, मिसरी लावते. अहो, घासून तो डाग जात नाही, तो दाताच्या आतला आहे. पुढं लग्नाच्या बैठकीत ही पोर ओठ मिटून बसते. यात तिचा काय दोष?

दातांपेक्षा वाईट म्हणजे हाडं. वर्षानुवर्षं हे पाणी पिलं की कंबर, मान, गुडघे आखडतात. बाई म्हणते वय झालं, कामानं झालं. तीन गोष्टी घरी करून पाहा. गुडघे न वाकवता खाली वाकून पायाची बोटं धरा. हनुवटी छातीला टेकवा. दोन्ही हात मानेमागं न्या. चाळिशीच्या आतच हे जमत नसेल आणि घरात पोरांचे दात डागाळलेले असतील, तर आरोग्य केंद्रात दाखवा आणि पाणी कोणतं पिता तेही सांगा. आखडलेलं हाड औषधानं सरळ होत नाही. पाणी बदललं तर पुढचं नुकसान मात्र थांबतं.

आता सगळ्यात महत्त्वाचं. बाया विचारतात, ताई, उकळून पिलं तर? उकळल्यानं जंतू मरतात. फ्लोराईड मरत नाही, कारण ते जिवंतच नाही. उलट पाणी आटतं आणि उरलेल्या पाण्यात ते घट्ट होतं. तुरटी फिरवल्यानं गाळ खाली बसतो, तेवढंच. टीसीएल पावडर जंतूंसाठी आहे. साध्या गाळणीचा इथं उपयोग नाही. नायट्रेटचंही असंच. उकिरडा, संडासाचा खड्डा विहिरीजवळ असेल किंवा शेतात युरिया भरमसाठ पडत असेल तर ते पाण्यात मुरतं. लिटरला 45 मिलिग्रॅमच्या वर गेलं तर बाटलीच्या दुधावरच्या तान्ह्या बाळाला धोका, अंग निळं पडू शकतं. ते पाणीसुद्धा उकळून सुधारत नाही.

याचा अर्थ उकळणं आणि टीसीएल सोडून द्या असं मुळीच नाही. पावसाळ्यात जंतूंनी जेवढी माणसं आजारी पडतात तेवढी दुसऱ्या कशानं नाही. नळाच्या पाण्याला क्लोरीनचा वास येतो म्हणून काही जणी जलसुरक्षकाशी भांडतात. शेवटच्या घरच्या नळालाही थोडा क्लोरीन मिळायलाच हवा, लिटरला 0.2 मिलिग्रॅम. वास नसेल तेव्हा भांडा.

मग फ्लोराईडवर इलाज? दुसरं पाणी. पिण्या-स्वयंपाकाला वेगळं आणि धुण्याभांड्याला वेगळं, एवढं केलं तरी पुष्कळ. गावातल्या सगळ्याच बोरला फ्लोराईड नसतं, कमी खोल विहिरीला बहुधा कमी असतं, पण तिथं टीसीएल चुकवायचं नाही. छपरावरचं पावसाचं पाणी स्वच्छ साठवलं तर त्यात फ्लोराईड नसतं. आरओ यंत्रानं ते निघतं, मात्र बरंच पाणी वाया जातं. आणि बाजारात मिळणारा थंड जार म्हणजे शुद्ध पाणी असं धरून चालू नका. थंड करणं वेगळं, शुद्ध करणं वेगळं. जेवणात दूध, शेवग्याचा पाला, तीळ, नाचणी, आवळा, लिंबू असू द्या, त्यानं शरीराला तग धरता येतो. कोरा चहा आणि पादेलोण कमी करा, त्यांतही फ्लोराईड असतं.

पण आधी कळायला हवं की आपल्या पाण्यात आहे काय. ग्रामपंचायतीला मिळणारं हिरवं कार्ड पाहून निर्धास्त होऊ नका. ते कार्ड विहिरीचा परिसर स्वच्छ आहे, टीसीएल पडतं, गळती नाही, यावर मिळतं. फ्लोराईड किती हे त्यावरून कळत नाही. त्यासाठी रासायनिक तपासणीचा अहवाल लागतो. ती तपासणी वर्षातून एकदा आणि जंतूंची दोनदा, पावसाळ्याआधी आणि नंतर, व्हायला हवी. जलजीवन मिशनमध्ये प्रत्येक गावात पाच बायांना तपासणी संच वापरायला शिकवायचं ठरलं आहे. तुमच्या गावात त्या पाच जणी कोण, संच कुठं आहे, विचारा. पुष्कळदा तो ग्रामपंचायतीच्या कपाटात बंद असतो आणि औषधांची मुदत संपून जाते.

ग्रामसभेच्या आधी महिला सभा घ्यावी लागते, तिथं गटानं हा विषय लेखी द्यावा: कोणत्या हापशीचा अहवाल काय आला, आणि ज्यांचं पाणी पिण्यालायक नाही त्यांना लाल रंग दिला का. नमुना स्वतः पाठवायचा तर फ्लोराईडसाठी एक लिटरची स्वच्छ प्लास्टिकची बाटली चालते. हापशी पाचेक मिनिटं हापसून मग त्याच पाण्यानं ती दोन-तीनदा विसळून भरा. जंतूंच्या तपासणीची बाटली मात्र प्रयोगशाळेतूनच आणायची, तिला विसळायचं नाही, आणि बर्फात ठेवून 24 तासांच्या आत पोचवायची. बाटलीवर गावाचं, हापशीच्या ठिकाणाचं नाव आणि तारीख लिहायला विसरू नका.