ओरखडा घालवण्याआधी: गाडीच्या रंगाबद्दलचे सहा गैरसमज

गाडीच्या पत्र्यावर आधी गंजरोधक थर असतो, त्यावर प्रायमर, मग रंग आणि सगळ्यात वर पारदर्शक क्लिअर कोट. कंपनीतून आलेल्या गाडीवर हे सारे थर मिळून साधारण १०० ते १५० मायक्रॉन भरतात. त्यात क्लिअर कोट असतो जेमतेम ३५ ते ५० मायक्रॉनचा, आपल्या केसाहूनही पातळ. रबिंग-पॉलिशचा सगळा कारभार एवढ्याच जाडीत चालतो.

गैरसमज १: रबिंग केलं की ओरखडा भरून निघतो.
वस्तुस्थिती: काहीच भरत नाही. रबिंग कंपाउंडमधले बारीक कण आजूबाजूचा क्लिअर कोट घासून ओरखड्याच्या तळापर्यंत खाली आणतात. कडा उरली नाही की रेघ दिसत नाही. म्हणजे दर रबिंगला थोडा क्लिअर कोट कायमचा जातो. दर सर्व्हिसिंगला हौसेने रबिंग करून घेणाऱ्यांच्या गाडीचं टप आणि बॉनेट आधी फिकं पडतं, मग तिथले पापुद्रे सुटू लागतात. तिथवर आलं की पुन्हा रंग मारण्यावाचून गत्यंतर नसतं.

गैरसमज २: कुठलाही ओरखडा पॉलिशने जातो.
वस्तुस्थिती: आधी खोली बघा. जागा धुऊन ओरखड्यावर आडवं नख फिरवा. नख अडकलं तर पॉलिशने तो पुरता जाणं कठीण. नख अडकत नसेल तर पाणी शिंपडा. ओली असताना रेघ नाहीशी झाली तर ती वरच्या थरातच आहे आणि बारीक पॉलिशने बहुधा निघेल. पार्किंगमध्ये घासून गेलेल्या गाडीचा रंग आपल्या बंपरवर बसलेला असतो, तोही ओरखडाच वाटतो. हलक्या हाताने कंपाउंड लावलं की तो बऱ्याचदा निघतो. खाली पत्रा दिसत असेल तर मात्र पावसाळ्याआधी टचअप करा. प्लास्टिकच्या बंपरला गंजाची धास्ती नाही, तिथे घाई नको.

गैरसमज ३: टूथपेस्ट हा स्वस्त आणि मस्त उपाय.
वस्तुस्थिती: टूथपेस्टमध्ये घासणारे कण असतात, त्यामुळे अगदी पुसट रेघ कमी होते. पण ते कण दातांसाठी बेतलेले. रंगावर कधी काहीच फरक पडत नाही, तर कधी तो भाग धुरकट होतो. रंगासाठीचं बारीक पॉलिश आणि स्वच्छ मायक्रोफायबर कापड घ्या. गाडी सावलीत, पत्रा गार असताना, आधी कोपऱ्यातल्या छोट्या जागेवर करून बघा.

गैरसमज ४: वॅक्स आणि पॉलिश एकच.
वस्तुस्थिती: पॉलिश घासतं, वॅक्स वर बसतं. वॅक्स किंवा तेल रेघेत शिरून ती लपवतं. चार वेळा गाडी धुतली की रेघ पुन्हा हजर. जुनी गाडी बघायला जाल तेव्हा हे ध्यानात ठेवा.

गैरसमज ५: सिरॅमिक कोटिंग केलं की ओरखडे पडत नाहीत.
वस्तुस्थिती: जाहिरातीतलं ‘९एच’ हे पेन्सिलच्या कठीणपणाच्या चाचणीतलं माप आहे. कोटिंगमुळे पाणी आणि धूळ लवकर निघते, पण किल्लीचा चरा किंवा काटेरी कुंपण त्याला जुमानत नाही.

गैरसमज ६: रोज पुसली की गाडी नवी राहते.
वस्तुस्थिती: सोसायटीत पहाटे एकाच बादलीत, एकाच फडक्याने दहा गाड्या पुसल्या जातात. फडक्यातली माती प्रत्येक गाडीवर घासली जाते. उन्हात बॉनेटवर दिसणाऱ्या बारीक गोल रेघा बहुतेक याच्याच. आधी भरपूर पाण्याने धूळ वाहू द्या, मग शॅम्पू लावा. धुवायला वेळ नसेल तर धूळ तशीच राहू द्या.

शेवटी पैशांचं. बारीकशा ओरखड्यासाठी इन्शुरन्सचा क्लेम करण्याआधी ‘नो क्लेम बोनस’ बघा. सलग पाच वर्षं क्लेम नसेल तर ओन डॅमेजच्या हप्त्यावर ५० टक्के सूट मिळते. वेगळं संरक्षण घेतलेलं नसेल तर एका क्लेमने ती शून्यावर येते. दार रंगवण्याचा खर्च त्याहून कमी असेल, तर खिशातून दिलेले बरे.