नागपूरचा ठराव, वऱ्हाडची आपुलकी

वरुड, मोर्शी, अचलपूर, यवतमाळ या पट्ट्यात ख्रिस्ती माणूस संख्येने थोडा. थोडे असलेल्यांनी एकमेकांना धरून राहावे, असे बाहेरच्याला वाटते. प्रत्यक्षात इथल्या मंडळ्यांची सुरुवातच वेगवेगळ्या कुंपणांत झाली, आणि ती कुंपणे इथल्या माणसांनी घातलेली नव्हती.

एकोणिसाव्या शतकात परदेशी मिशनांनी मुलूख वाटून घेतले. एकाच्या क्षेत्रात दुसऱ्याने काम काढायचे नाही, असा तो समझोता होता. नागपुरात स्कॉटिश मिशनरी स्टीफन हिस्लॉप 1845 मध्येच आले होते, त्यामुळे तिथे त्यांचे मिशन. अकोला-खामगावकडे अलायन्स, यवतमाळकडे फ्री मेथडिस्ट, मेळघाटातल्या कोरकूंमध्ये कोरकू मिशन, आणि पलीकडे अहमदनगरला अमेरिकन मराठी मिशन. हेतू चांगला होता, भांडणे टळावीत हाच. पण त्याचा परिणाम असा झाला, की माणूस अलायन्सचा की मेथडिस्ट हे त्याच्या श्रद्धेवरून ठरले नाही, तो कुठल्या गावचा यावरून ठरले. पुढे नोकरी, शिक्षण, लग्न यांनी माणसे गावे सोडून निघाली आणि एकाच गल्लीत तीन पंथांची घरे आली. तेव्हा प्रश्न उभा राहिला: आपण एकाच प्रभूचे, तर प्रभुभोजनाला वेगवेगळ्या मेजांवर का बसतो?

या प्रश्नाचे सर्वांत मोठे उत्तर वरुडपासून शंभरेक किलोमीटरवर दिले गेले. रविवार, 29 नोव्हेंबर 1970. नागपूरच्या ऑल सेंट्स कॅथेड्रलच्या आवारात सहा चर्चसंस्था एक झाल्या आणि चर्च ऑफ नॉर्थ इंडिया जन्माला आले. अँग्लिकन, उत्तर भारतातले बॅप्टिस्ट, ब्रदरन, डिसायपल्स, ब्रिटिश-ऑस्ट्रेलियन परंपरेचे मेथडिस्ट, आणि युनायटेड चर्च ऑफ नॉर्दर्न इंडिया. बोलणी 1929 पासून चालली होती. म्हणजे एकीला चाळीस वर्षे लागली, आणि मला यात उशीर दिसत नाही, धीर दिसतो.

सर्वांत अवघड गाठ बाप्तिस्म्याची होती. अँग्लिकन तान्ह्या बाळाला बाप्तिस्मा देतात. बॅप्टिस्टांच्या मते ज्याने स्वतः विश्वास कबूल केला, त्यालाच तो द्यावा. शेवटी दोन्ही रीती मान्य झाल्या. कोणी कोणाला चूक ठरवले नाही. बिशप नको म्हणणाऱ्यांनी बिशप स्वीकारले, आणि पाळकांची सेवा एक करण्यासाठी वेगवेगळ्या परंपरांच्या सेवकांनी एकमेकांवर हात ठेवून प्रार्थना केली. ज्यांच्या पूर्वजांनी युरोपात याच मुद्द्यांवरून एकमेकांना तुरुंगात घातले, त्यांनी हे नागपुरात केले.

सगळे आले नाहीत. अमेरिकन परंपरेचे मेथडिस्ट चर्च त्याच वर्षी ऐनवेळी मागे सरले. वऱ्हाडातले अलायन्स आणि फ्री मेथडिस्ट या योजनेबाहेरच राहिले. जे आत गेले, त्यांच्यातही पुढे मालमत्तेवरून खटले उभे राहिले. गुजरातमधल्या ब्रदरन मंडळीचा वाद तर सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. ते विलीनीकरण कायद्याने पुरे झालेच नव्हते, असा निकाल 2013 मध्ये लागला. ठराव होतो, सह्या होतात, पण गावातल्या मंडळीचे मन आणि ट्रस्टचे कागद मागे राहतात. दोन्हींकडे वेळीच पाहिले नाही, तर एकी कोर्टात जाते.

म्हणूनच मला वऱ्हाडातली दुसरी, कमी बोलबाल्याची वाट महत्त्वाची वाटते. संस्था एक न करता काम एक करायचे. यवतमाळला 1953 मध्ये युनियन बिब्लिकल सेमिनरी सुरू झाली. अनेक पंथांनी मिळून पाळक घडवावेत, यासाठी. एका खोलीत राहून शिकलेली मुले पुढे वेगवेगळ्या मंडळ्यांत गेली, तरी एकमेकांना परकी राहिली नाहीत. 1983 मध्ये ही संस्था पुण्याला बिबवेवाडीत गेली. यवतमाळचे नुकसान झाले, काम वाढले. अचलपूरजवळ कोठाऱ्याचे लेप्रसी मिशनचे रुग्णालय आहे. तिथे जखम धुताना रुग्णाचा पंथच काय, धर्मही विचारायचे कारण पडत नाही.

आणि गाणी. कवी नारायण वामन टिळकांचा बाप्तिस्मा 1895 मध्ये अमेरिकन मराठी मिशनमध्ये झाला, पण त्यांची भजने कुठल्याही एका मिशनची राहिली नाहीत. आज मराठी मंडळी कुठलीही असो, ‘उपासना संगीत’ हे गीतपुस्तक उघडले की टिळक भेटतात. आयुष्याच्या अखेरीस, 1917 मध्ये, साताऱ्याला त्यांनी ‘देवाचा दरबार’ मांडला. त्यात बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोघांनाही जागा होती. मिशनच्या चौकटीत न मावणारा हा विचार होता. 1919 मध्ये टिळक गेले, दरबार फार टिकला नाही. पण कुंपण मोठे की प्रभू मोठा, हा त्यांचा प्रश्न आजही तसाच आहे.

कॅथोलिक बंधुभगिनींना वगळून ही गोष्ट पुरी होत नाही. अमरावतीचा धर्मप्रांत 1955 चा. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने 1964 मध्ये ख्रिस्ती ऐक्यावर स्वतंत्र आदेश काढला, आणि त्याआधी ‘वेगळे झालेले’ म्हणून दूर ठेवलेल्यांशी बोलण्याचे दार उघडले. दरवर्षी 18 ते 25 जानेवारी हा ऐक्यासाठी प्रार्थनेचा आठवडा पाळला जातो.

माझे वऱ्हाडातल्या पाळकांना आणि मंडळीच्या वडीलजनांना एकच सांगणे आहे. येत्या जानेवारीत त्या आठवड्यात एक संध्याकाळ शेजारच्या पंथाच्या चर्चमध्ये जा. त्यांच्यातले कोण आजारी आहे, कोणाच्या घरी मयत झाली, कोणाच्या मुलीची फी अडली आहे, ते विचारा. आणि आपल्या मंडळीच्या मदतनिधीतून त्या घरी काहीतरी पोचवा.