लहान टॅब आणि मराठी पान

सात ते नऊ इंचांचा पडदा असलेल्या टॅबलेटला ढोबळमानाने लहान टॅब म्हणतात. तो मोबाइलहून मोठा आणि वहीहून लहान असतो. वजन तीनशे ते पावणेचारशे ग्रॅमच्या घरात असल्याने एका हातात धरून उभ्याउभ्या वाचता येते. कोल्हापुरात त्याची कामे अनेक तऱ्हेची आहेत. गुजरीतल्या पेढीवर दागिन्यांचे नमुने दाखवायला, शिरोली एमआयडीसीतल्या फाउंड्रीत कास्टिंगच्या तपासणीची नोंद करायला, बांधावर उभे राहून सातबारा बघायला किंवा अभ्यासिकेत नोट्स वाचायला तो सोयीचा पडतो. शाहू महाराजांनी १९०१ मध्ये व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग सुरू केल्यापासून हे शहर वसतिगृहांचे शहर आहे. खेड्यातून येऊन एका कॉटवर आणि एका ट्रंकेत संसार मांडणाऱ्या विद्यार्थ्याला सगळी पुस्तके एका पिशवीत मावणे ही आजही मोठी सोय आहे.

राजारामपुरीतल्या किंवा लक्ष्मीपुरीतल्या दुकानात टॅब मागितला की गिऱ्हाइकापुढे आकड्यांची रास पडते: इंच, जीबी, मेगापिक्सेल, एमएएच. त्यातला बराचसा भाग वाचनाच्या कामी येत नाही. मराठी वाचणाऱ्याने आधी दोन गोष्टी बघाव्यात. पानाला रुंदी किती मिळते, आणि त्या रुंदीत अक्षर किती ठिपक्यांनी काढले जाते. बाकीचे सगळे त्यानंतर.

इंच हे पडद्याच्या कर्णाचे माप आहे. एका कोपऱ्यापासून समोरच्या तिरप्या कोपऱ्यापर्यंतचे हे अंतर सारखे असले, तरी एक पडदा लांबुडका आणि दुसरा चौकोनाकडे झुकणारा असू शकतो. २०१२ मध्ये लहान टॅबची पहिली मोठी लढत झाली ती याच मुद्द्यावर. दोन वर्षे आधी, सॅमसंगचा सात इंची गॅलेक्सी टॅब येत असताना, ॲपलच्या स्टीव्ह जॉब्स यांनी हे माप टॅबसाठी फार लहान असल्याचे जाहीरपणे सांगितले होते. पहिला आयपॅड ९.७ इंचांचा होता आणि त्याचे वजन ६८० ग्रॅम होते, म्हणजे हातात धरून वाचायला जडच. २०१२ च्या जुलैत गूगल आणि असूसचा सात इंची नेक्सस ७ आला. ऑक्टोबरात ॲपलनेच ७.९ इंचांचा आयपॅड मिनी जाहीर केला. नेक्ससचा पडदा १६:१० या प्रमाणातला, मिनीचा ४:३. कर्णात फरक इंचभरही नव्हता. रुंदी मात्र नेक्ससला साडेनऊ सेंटिमीटरच्या आत आणि मिनीला बारा सेंटिमीटर मिळत होती, आणि मिनीच्या पडद्याचे क्षेत्रफळ तिसऱ्या हिश्श्याहून जास्त भरत होते. उलट नेक्ससचे ठिपके दाट होते, इंचाला २१६. मिनीचे १६३ होते. एकाकडे जागा होती, दुसऱ्याकडे अक्षराचा रेखीवपणा. आजही निवड या दोन टोकांमध्येच करावी लागते.

त्याच काळात भारतात सरकारने स्वस्त टॅबचा प्रयोग केला होता. ५ ऑक्टोबर २०११ रोजी सादर झालेल्या ‘आकाश’ला सात इंचांचा पडदा, ३६६ मेगाहर्ट्झचा प्रोसेसर, २५६ एमबी रॅम आणि अँड्रॉइड २.२ होते. पडदा दाबावर चालणारा होता. नुसता स्पर्श पुरत नसे, बोट रेटावे लागे. पुढे या प्रकल्पाची धुरा आयआयटी मुंबईतले प्रा. दीपक फाटक यांच्याकडे आली, आणि ११ नोव्हेंबर २०१२ रोजी राष्ट्रपती प्रणव मुखर्जी यांच्या हस्ते ‘आकाश २’ सादर झाला. त्यात एक गिगाहर्ट्झचा प्रोसेसर, ५१२ एमबी रॅम आणि हलक्या स्पर्शाने चालणारा पडदा आला. विद्यार्थ्याच्या हाती टॅब द्यायचा हा विचार मोलाचा होता. पण पडदा, रॅम आणि बॅटरी यांत एका मर्यादेपलीकडे काटकसर केली की वस्तू स्वस्त पडते आणि कपाटात जाते, हे ‘आकाश’च्या पहिल्या आवृत्तीने दाखवून दिले.

आणखी एक अडचण होती. अँड्रॉइड २.२ मध्ये मुळात देवनागरी फॉन्टच नव्हता. कंपनीने तो वेगळा बसवला नसेल तर मराठी मजकुराच्या जागी रिकामे चौकोन दिसत. २०११ अखेर आलेल्या ४.० आवृत्तीपासून ही स्थिती बदलली. आता देवनागरी दिसते की नाही हा प्रश्न उरलेला नाही. नीट दिसते का, हा आहे.

अलीकडच्या लहान टॅबमधली तीन नावे घेतली तर चित्र स्पष्ट होते. सॅमसंगचा गॅलेक्सी टॅब ए९ २०२३ मध्ये भारतात आला. पडदा ८.७ इंच, ठिपके १३४० गुणिले ८००. शाओमीचा रेडमी पॅड एसई ८.७ हा २०२४ चा, आणि त्याच्या पडद्याचे हे दोन्ही आकडे तेच आहेत. ॲपलचा ए१७ प्रो चिप असलेला आयपॅड मिनी ऑक्टोबर २०२४ चा. त्याचा पडदा ८.३ इंच आणि ठिपके २२६६ गुणिले १४८८. बाजारात आले तेव्हा टॅब ए९ सुमारे तेरा हजारांना होता आणि मिनी पन्नास हजारांच्या जवळ. पुढे किमती हलतात, पण ही तफावत साधारण तशीच राहते.

आता ए-४ पान घ्यावे. शासनाचे जीआर, प्रश्नपत्रिका, क्लासच्या नोट्स, फाउंड्रीतले तपासणी अहवाल हे सगळे बहुधा याच मापात येते. या पानाची रुंदी २१ सेंटिमीटर. ८.७ इंची टॅब उभा धरला तर पडद्याची रुंदी भरते ११.३ सेंटिमीटर, आणि ८.३ इंची मिनीची ११.६. इंच कमी असूनही पान मिनीवर किंचित रुंदच बसते. तरी दोन्हीकडे ए-४ पान निम्म्याहून थोडे मोठे, एवढेच उरते. कागदावर १२ पॉइंटात छापलेल्या ओळीची उंची त्यामुळे सव्वादोन-अडीच मिलिमीटरवर येते. टॅब ए९ किंवा रेडमीवर एवढ्या उंचीत सुमारे १६ ठिपके बसतात, मिनीवर सुमारे ३०.

सोळा ठिपके इंग्रजी अक्षराला पुरतात. देवनागरीचे तसे नाही. शिरोरेषेच्या वर मात्रा, वेलांटी, रफार आणि अनुस्वार. खाली उकार, ऋकार आणि जोडाक्षराचा दुसरा मजला. सोळा ठिपक्यांत हे तीन थर बसवायचे म्हणजे प्रत्येकाच्या वाट्याला चार-पाच ठिपके येतात. तेवढ्यात रफार आणि अनुस्वार एकमेकांत मिसळतात, ‘द्ध’ आणि ‘द्व’ सारखेच दिसू लागतात. दुकानात यासाठी सोपी परीक्षा घेता येते. एखादा जीआर आधीच मोबाइलमध्ये उतरवून ठेवावा, टॅबवर पाठवावा आणि पान न वाढवता वाचावे. मग नोट्सच्या ॲपमध्ये ‘कऱ्हाड’, ‘दुसऱ्या’, ‘सह्याद्री’, ‘ज्ञानेश्वरी’, ‘पर्यंत’, ‘बुद्धी’ हे शब्द बारीक टंकात लिहून बघावेत. ‘कऱ्हाड’ आणि ‘दुसऱ्या’ मधला अर्धा र ही मराठीची खास चीज आहे, हिंदीत तो लागत नाही. हिंदीपुरत्या केलेल्या फॉन्टमध्ये तो तुटतो किंवा त्याचा रफार होतो. पाच मिनिटांच्या या वाचनातून जाहिरातीच्या सगळ्या आकड्यांपेक्षा जास्त कळते.

स्वस्त टॅबवर यावर एक तोड आहे: टॅब आडवा धरणे. ८.७ इंची पडदा आडवा केला की रुंदी जवळपास १९ सेंटिमीटर होते आणि ए-४ पान कागदाच्या नव्वद टक्के मापात दिसते. एका वेळी अर्धे पान दिसते आणि बोटाने वर सरकवत जावे लागते, पण अक्षर वाचनीय होते. गोष्टीची पुस्तके, बातम्या, ई-पब स्वरूपातला मजकूर यांना ही अडचणच नाही. त्यांत अक्षर हवे तेवढे मोठे केले की ओळी आपोआप नव्याने जुळतात. बालभारतीच्या पाठ्यपुस्तकांच्या पीडीएफमध्ये मात्र पान जसेच्या तसे गोठलेले असते. रोज तीन-चार तास पाठ्यपुस्तक वाचणाऱ्या मुलासाठी लहान टॅब घेऊच नये, तेवढ्याच पैशांत दहा-अकरा इंची साधा टॅब घ्यावा. अकरा इंची टॅब उभा धरला तरी पानाला १४-१५ सेंटिमीटर रुंदी मिळते. डोळ्यांच्या दृष्टीने हा फरक मोठा आहे.

टॅब ए९ आणि रेडमी यांचे पडदे सारखे असल्याने त्यांच्यातली निवड इतर गोष्टींवर ठरते. सॅमसंगमध्ये हेलिओ जी९९ हा सहा नॅनोमीटरचा प्रोसेसर आहे, रेडमीत बारा नॅनोमीटरचा जी८५. पहिला जास्त वेगवान आणि कमी वीज खाणारा. उलट रेडमीची बॅटरी ६६५० एमएएचची, सॅमसंगची ५१००. रेडमीचा पडदा सेकंदाला ९० वेळा ताजा होतो, त्यामुळे मजकूर सरकवताना हिसके कमी जाणवतात. त्याचे वजन सुमारे ३७५ ग्रॅम, टॅब ए९ चे ३३२ आणि मिनीचे २९३. अर्धा तास एका हातात धरल्यावर हे ग्रॅम मनगटाला कळतात. बॅटरीची तुलना करताना एक काळजी घ्यावी. ॲपल बॅटरीचे माप वॅट-तासांत देते, बाकीचे बहुतेक जण एमएएचमध्ये. मिनीची बॅटरी १९.३ वॅट-तासांची आहे. टॅब ए९ च्या ५१०० एमएएचला बॅटरीच्या व्होल्टेजने गुणले तर आकडा जवळपास तोच येतो.

साठवणूक ६४ जीबी असेल तर त्यातली बरीच जागा टॅबची स्वतःची प्रणालीच घेते. सॅमसंग आणि रेडमीत मेमरी कार्ड बसते, हेडफोनची जुनी पिनही चालते. मिनीत या दोन्ही सोयी नाहीत, पण त्याची सुरुवातच १२८ जीबीपासून होते. रॅम चार जीबीपेक्षा कमी असलेला टॅब आज कोणत्याही कंपनीचा, कितीही स्वस्त मिळाला तरी घेऊ नये.

सिमचा विचार बहुतेक लोक उशिरा करतात. भारतात विकल्या जाणाऱ्या अनेक अँड्रॉइड टॅबच्या सिमवाल्या आवृत्तीवरून साधा फोन करता येतो आणि ओटीपीचा एसएमएसही त्यावर येतो. सिमवाल्या आयपॅडमध्ये इंटरनेट चालते, पण साधा फोन लागत नाही. वाय-फायवाल्या आयपॅडमध्ये जीपीएसही नसते. घरात वापरायचा असेल तर याने काही बिघडत नाही. करवीर किंवा कागल तालुक्यातल्या शेतात उभे राहून जागेची नोंद करायची असेल तर बिघडते. ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर सुरू झालेल्या ई-पीक पाहणीसारख्या कामात ठिकाणाची नोंद लागते. उघड्यावरच्या वापराला आणखी दोन कसोट्या आहेत, ऊन आणि पाऊस. दुकानातल्या दिव्याखाली सगळेच पडदे उजळ दिसतात, म्हणून टॅब दारापर्यंत नेऊन उन्हात बघावा. जून ते सप्टेंबर कोल्हापुरात ओल्या बोटांनी पडदा नीट चालत नाही, चार्जिंगच्या पिनेत ओल शिरते. पिनेवर झाकण असलेले कव्हर पहिल्याच दिवशी घेणे शहाणपणाचे.

मराठी लिहिण्याची सोय अँड्रॉइड आणि आयपॅड दोन्हीकडे आहे. अँड्रॉइडमध्ये गूगलच्या जीबोर्ड या कळफलकावर बोलून, बोटाने गिरवून किंवा रोमन लिपीतून मराठी लिहिता येते, आणि ज्येष्ठ माणसांना बोटाने गिरवणे सर्वांत लवकर जमते. पेनाने नोट्स काढायच्या असतील तर मिनी सरस आहे, कारण त्याला ॲपल पेन्सिल चालते आणि हाताचा तळवा पडद्यावर टेकला तरी रेघ उमटत नाही. टॅब ए९ ला सॅमसंगचा एस-पेन चालत नाही. रबरी टोकाचे साधे पेन चालते, पण त्याने काढलेले ‘ळ’ आणि ‘क्ष’ जाडेभरडे येतात.

टॅब किती वर्षे टिकेल हे काचेपेक्षा सॉफ्टवेअरवर जास्त अवलंबून असते. २०१२ चा नेक्सस ७ अँड्रॉइड ५.१ वर थांबला, म्हणजे २०१५ नंतर त्याला नवी आवृत्ती मिळाली नाही. २०१५ च्या आयपॅड मिनी ४ ला २०२१ ची आयपॅडओएस १५ मिळाली. जुन्या आवृत्तीवर आधी बँकेची ॲप बंद पडतात, मग बाकीची. महाग टॅबची किंमत वर्षांनी भागून बघितली तर तफावत पुष्कळ कमी होते, पूर्ण मिटत मात्र नाही. आठ वर्षे वापरायचा आणि पेनाने लिहायचा असेल तर मिनीचे पैसे वसूल होतात. गुजरीत गिऱ्हाइकाला नमुने दाखवायला किंवा आजोबांना कीर्तन ऐकायला तेरा हजारांचा टॅब अगदी पुरेसा आहे.

ज्यांना टॅब सरकारी योजनेतून मिळतो त्यांना निवड नसते. नागपूरची महाज्योती ही संस्था इतर मागासवर्ग, विमुक्त जाती, भटक्या जमाती आणि विशेष मागास प्रवर्गातल्या जेईई, नीट आणि एमएचटी-सीईटीच्या विद्यार्थ्यांना मोफत टॅब आणि डेटा देते. घरात असा टॅब येण्यासारखा असेल तर अर्जाचा निकाल लागेपर्यंत खरेदी थांबवावी.

घेताना दुकानदाराला नेमका प्रश्न विचारावा: काच फुटली तर ती कोल्हापुरात बदलून मिळते की टॅब पुण्याला पाठवावा लागतो? लहान, कमी खपाच्या मॉडेलची काच पुष्कळदा मागवावी लागते आणि आठवडे जातात. जीएसटीचे पक्के बिल घ्यावे आणि त्यावर टॅबचा सीरियल नंबर आहे ना ते बघावे. जुना टॅब घेताना विकणाऱ्याने त्याचे गूगल किंवा ॲपल खाते आपल्यासमोर काढून टाकले पाहिजे. नुसता रिसेट केलेला टॅब पुन्हा सुरू होताना जुन्या मालकाचा पासवर्ड मागतो, आणि तो मिळाला नाही तर टॅब तिथेच अडून बसतो. म्हणून दुकानाच्या वाय-फायला जोडून तो शून्यापासून सुरू करून घ्यावा, आपले खाते टाकावे, आणि पैसे मग द्यावेत.