मित्र ताऱ्याचें भवितव्य

मे महिन्याच्या अखेरीस, तेंदूपानांचा हंगाम सरत असतां, चंद्रपूर-गडचिरोलीच्या रानांतील एखाद्या उघड्या माळावरून रात्रीं दहा-साडेदहाच्या सुमारास दक्षिणेकडे पाहिलें, तर क्षितिजापासून जेमतेम ९ अंशांवर, लांब केलेल्या हाताच्या मुठीएवढ्या उंचीवर, दोन ठळक तारे दिसतात. उजवीकडचा मित्रक, डावीकडचा, अधिक तेजस्वी, तो मित्र. मित्रक ३५० प्रकाशवर्षांहून दूर आहे. मित्र मात्र सूर्याचा सर्वांत जवळचा शेजारी होय.

हा शेजारी एकटा नाहीं. १६८९ सालीं पुदुच्चेरी येथें झां रिशो या जेझुइट धर्मगुरूनें धूमकेतूचें निरीक्षण करतांना तो जोडतारा असल्याचें पाहिलें. १९१५ सालीं रॉबर्ट इनिस यांनीं तिसरा, मंद तांबडा सोबती शोधून काढला. तोच ४.२४ प्रकाशवर्षांवरील प्रॉक्सिमा. मुख्य दोघे ४.३७ प्रकाशवर्षांवर असून सुमारे ८० वर्षांत परस्परांभोंवतीं एक फेरा पुरा करतात. जवळ येतात तेव्हां त्यांच्यांतील अंतर सूर्य-शनि अंतराहून थोडेंच अधिक असतें. दूर जातात तेव्हां तें सूर्य-नेपच्यून अंतराहूनहि वाढतें.

अशा दोन चुलींच्या घरांत पृथ्वीसारखा ग्रह टिकेल काय? गणिताचें उत्तर होकारार्थी आहे. दोहोंपैकीं कोणत्याहि ताऱ्याला बिलगून, पृथ्वी-सूर्य अंतराच्या दुपटीच्या आंत फिरणाऱ्या ग्रहाची कक्षा दीर्घकाळ स्थिर राहूं शकते. पाणी द्रवरूप राहील असा पट्टाहि त्याच मर्यादेंत येतो. मात्र तेथें असा ग्रह अद्याप निश्चित सांपडलेला नाहीं. प्रॉक्सिमाभोंवतीं २०१६ सालीं सांपडलेला ग्रह पृथ्वीहून किंचित् जड असावा. त्याचें वर्ष अवघ्या ११ दिवसांचें आहे. परंतु प्रॉक्सिमावर वारंवार प्रखर ज्वाला उसळतात आणि त्यांपुढें ग्रहाचें वातावरण टिकलें असेल कीं काय, ही शंकाच आहे.

आतां पुढचा काळ. तारा जितका जड तितका तो आपलें इंधन लवकर संपवितो. मित्राचा थोरला तारा सूर्याहून जड व वयानेंहि कांहींसा मोठा. म्हणून सूर्याच्या आधींच तो फुगून तांबडा राक्षसी तारा होईल. त्या वेळीं त्याचें तेज हजारपटींनीं वाढेल व धाकट्याच्या आसऱ्यास असलेला ग्रहहि होरपळेल. प्रॉक्सिमा मात्र कांहीं लक्ष कोटी वर्षें मिणमिणत राहील.

सूर्याचें तेजहि हळूहळू वाढत आहे. सिरोंचा तालुक्यांत वडधम येथें जुरासिक काळांतील वृक्ष शिळारूप होऊन पडले आहेत. ते उभे होते त्याला पंधरा कोटींहून अधिक वर्षें लोटलीं. तेवढ्या काळांत सूर्य शेंकडा एक-दोन अंशांनींच प्रखर झाला. परंतु सुमारे १०० कोटी वर्षांत ही वाढ शेंकडा दहांवर जाईल, आणि पृथ्वीवरील पाणी टिकणें कठीण होईल.

मित्र आपल्याकडे येत आहे. सुमारे २८,००० वर्षांनीं तो ३ प्रकाशवर्षांच्या जवळपास येईल. तथापि व्हॉयेजर-१ च्या वेगानें आज निघालेल्या यानास तितकें अंतर काटण्यासहि ५०,००० वर्षें लागतील. तेव्हां शेजार कितीहि जवळचा असला तरी मनुष्यास तेथें आसरा नाहीं. त्याचें पाणी, त्याचीं रानें आणि त्याचें घर येथेंच आहे, व तें राखावयाचें काम दूरच्या ताऱ्यावर सोंपवितां येणार नाहीं.