बेडकाच्या पायातील स्नायू

स्नायूला ढकलता येत नाही. त्याला फक्त ओढता येते. आकृती पाहून हे सहसा मनावर ठसत नाही. आपल्याकडील कित्येक पिढ्यांतील विद्यार्थ्यांना ते शिकविले, ते मेणाच्या तबकात टाचण्यांनी पसरून ठेवलेल्या बेडकाने.

बेडकाची कातडी सर्वत्र शरीराला चिकटलेली नसते. तिच्याखाली लसीकेच्या पोकळ्या असतात. त्यामुळे पायमोजा उलटा करून काढावा तशी पायावरील कातडी सुटून येते आणि स्नायू जवळजवळ अभंग दिसतात. मांडीतील स्नायू एकमेकांना बिलगलेले असतात. ते सुटे करण्यास चाकूपेक्षा बोथट सुईच अधिक उपयोगी, कारण फाडावयाचा असतो तो त्यांच्यामधील पातळ पडदा. 'विच्छेदन' या शब्दात कापणे असले तरी या कामात कापणे थोडे आणि विलग करणेच फार.

पोटरीचा फुगीर स्नायू पाहावा. त्याचे वरचे टोक गुडघ्यापाशी बांधलेले असते. खालच्या टोकाशी तो निमुळता होत एका पांढऱ्या, चकचकीत कंडरेत रूपांतरित होतो व ती टाचेवरून तळपायात जाते. चिमट्याने हा स्नायू वर ओढला की दुमडलेले पाऊल सरळ होते. ते पुन्हा दुमडण्यासाठी मात्र नडगीच्या पुढील बाजूचा स्नायू ओढावा लागतो. एकाने केलेले दुसऱ्याने उलटवावयाचे, अशी ही जोडी असते. उडी मारताना मांडीचा पुढचा स्नायू गुडघा सरळ करतो, पोटरीचा स्नायू घोटा सरळ करतो आणि बेडूक जमिनीवरून सुटतो. आपणही चवड्यांवर उभे राहून टाचेमागे बोट ठेवले, तर तीच कंडरा ताठ झालेली जाणवते.

या शिक्षणाची किंमत बेडकांनी मोजली. शेतातील कीटक खाणाऱ्या या प्राण्याच्या पायांची निर्यात भारताने १९८७ मध्ये बंद केली. प्रयोगशाळांतील मागणी त्यानंतरही राहिली. २०१४ मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाने प्राणिशास्त्राच्या अभ्यासक्रमांतील विच्छेदन थांबविण्यास सांगितले. आता पडद्यावर चित्रे हलतात, परंतु कंडरा ओढताना बोटांना जाणवणारा ताण पडद्यावर नसतो. ही उणीव खरी आहे. तिच्यासाठी बेडूक मारणे मात्र अनिवार्य नाही. कोंबडी विकणारा जे पाय टाकून देतो, त्यांपैकी एक स्वच्छ धुऊन घ्यावा. कापलेल्या टोकाशी पांढऱ्या कंडरांची टोके दिसतात. मागच्या बाजूची कंडरा चिमट्याने ओढली की नख्या मिटतात. पुढची ओढली की उघडतात.