ढेपेचं दुकान आणि प्रभागाचं पाणी

सकाळी 6. पहिला फोन प्रभागातून. "भाऊ, आमच्या गल्लीत नळच नाही आले जी. वॉलमनले सांगा ना." अकोल्याला महानच्या काटेपूर्णा धरणातून पाणी येतं, आणि रोज येत नाही. भाऊ म्हणजे प्रभागाचे नगरसेवक; चप्पल अडकवून स्वतः जातात. वॉलमन लोखंडी चावी फिरवतो. शेवटच्या घरातला नळ आधी नुसता फुसफुसतो, मग गढूळ धार, मग नितळ. तोवर भाऊ तिथून हलत नाहीत. मतं त्यांना यावर मिळाली.

साडेनऊ. दुकान. सरकी ढेपेचा पिढीजात व्यापार. वायदेबाजारात ढेपेचा सौदा अकोल्याच्या नावाने चालतो, तेव्हा आधी भाव पाहायचा, मग मुनीमजींकडून उधारीची वही. तासाभरात उठतात; बाकीचं मुलगा सांभाळतो.

11. महापालिका, स्थायी समिती. सदस्य 16, आणि शहराचे मोठे ठेके इथेच मंजूर होतात. भाऊ निविदेची फाईल खातेवहीसारखी वाचतात, बोट ठेवून, ओळ न् ओळ. "या पाइपाचा बाजारभाव काय? मग हा दर कुठून आला?" सभागृहात व्यापारी हवा तो यासाठी. महापालिका अधिनियमाचं कलम 10 सांगतं की पालिकेच्या ठेक्यात हितसंबंध असलेला माणूस नगरसेवक राहू शकत नाही. नातलगाच्या नावाने ठेका घेऊन ही रेघ ओलांडणाऱ्यांचा मला मनापासून राग येतो. भाऊंच्या दुकानातून पालिकेत एक पोतंही गेलेलं नाही.

दुपारी 3. पाणी योजनेच्या कामासाठी अमरावती, विभागीय आयुक्त कार्यालय. मूर्तिजापूरपर्यंत गाडीत विधान परिषदेचाच विषय. अकोला-बुलडाणा-वाशीम मतदारसंघात मतदार म्हणजे मुख्यतः नगरसेवक आणि जिल्हा परिषद सदस्य; डिसेंबर 2021 मध्ये तिथे वसंत खंडेलवाल यांनी गोपीकिशन बाजोरियांना हरवलं. भाऊंनाही तिकडे जायचंय, ते लपवत नाहीत. उदाहरण घरचंच आहे: अकोल्याचे ब्रिजलाल बियाणी जुन्या मध्य प्रदेशाचे अर्थमंत्री झाले होते.

रात्री 8. परत अकोला. दोन लग्नं, एक मयतीचं घर.

साडेदहा. ओट्यावर अजून चारजण, विषय पाण्याचाच.

आपल्या नगरसेवकाला नळाचं जरूर विचारा. पण स्थायी समितीत त्याने कोणता फुगवलेला दर अडवला, हेही विचारा.